अतिरक्तदाबावरील कॅल्शियम मार्गरोधक औषधे
रोहिणीभित्तीतील स्नायुकोशिकांत कॅल्शियमाचे आयन शिरले की स्नायू आकुंचन पावतात, रोहिणिका अरुंद होतात व रक्तदाब वाढतो. हा प्रवेश रोखणाऱ्या औषधांना कॅल्शियम मार्गरोधक म्हणतात.

अतिरक्तदाबाच्या औषधोपचारात महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेच्या रक्तदाब उतरविणाऱ्या गुणाविषयी निबंध प्रसिद्ध केला. तिच्यापासून १९५२ मध्ये वेगळे केलेले रेसर्पीन जगभर वापरले गेले. परंतु विषण्णतेसारख्या दुष्परिणामांमुळे व नव्या औषधांमुळे ते मागे पडले.

जर्मनीतील फ्रायबुर्ख येथे आल्ब्रेख्ट फ्लेकेनश्टाइन यांनी १९६०–७० या दशकात व्हेरापामिलाच्या अभ्यासातून कॅल्शियमरोधाची कल्पना मांडली. १९७५ मध्ये निफेडिपीन प्रथम हृद्‌शूलासाठी प्रचारात आले. त्याचा परिणाम त्वरित, परंतु अल्पकाळ टिके. जिभेखाली देऊन रक्तदाब झपाट्याने उतरविण्याची रूढी पक्षाघात व हृदयविकाराचा झटका यांना कारण ठरू शकते, हे दिसून आल्यावर १९९०–२००० या दशकात ती त्याज्य ठरली. याच दशकात प्रसार पावलेल्या ॲम्लोडिपिनाचा परिणाम सावकाश होतो व दिवसभर टिकतो. त्यामुळे रोज एकच गोळी पुरते. काही रुग्णांच्या घोट्यांना मात्र सूज येते.

अतिरक्तदाबात बहुधा लक्षणे नसतात. बरे वाटते म्हणून रुग्ण गोळी सोडतो आणि धोका नकळत वाढतो. म्हणून औषधाइतकेच नियमित तपासणीला महत्त्व आहे. या बाबतीत अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेडचा प्रयोग मार्गदर्शक आहे. रजनीकांत व मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये तेथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावाने निवडलेल्या, बहुधा निरक्षर स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून शिकविले. बाळंतपण व बालसंगोपन यांबरोबर रक्तदाब मोजणे हेही या सेविकांचे काम झाले. या कार्याबद्दल दांपत्यास १९७९ मध्ये मागसायसाय पुरस्कार मिळाला.

भारतीय अतिरक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला. महाराष्ट्रात प्रारंभी भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग व वर्धा हे जिल्हे त्यात होते. ठरावीक उपचारक्रम, मोफत औषधे व घराजवळच्या केंद्रात पाठपुरावा ही त्याची सूत्रे असून ॲम्लोडिपिनाला उपचारक्रमात पहिले स्थान देण्यात आले. प्रयोगशाळेत सापडलेले औषध आणि गावातच मिळणारी देखरेख यांची सांगड पडल्याखेरीज या विकारावर नियंत्रण येत नाही, हेच या इतिहासावरून स्पष्ट होते.