परतूर स्टेशनचा काळा धूर

आमच्या कुंभार पिंपळगावात रेल्वे नाही. त्यामुळे लहानपणी लांब कुठे निघायचं म्हणजे आधी परतूर स्टेशन गाठायचं. निजामाच्या काळातली ही मीटर गेज लाईन नव्वदीच्या दशकात ब्रॉडगेज झाली, आणि मला कळायला लागलं तेव्हा तिथे डिझेल इंजिनं धावायची. गाडी सुटताना इंजिन असा काही काळाकुट्ट धूर सोडायचं की प्लॅटफॉर्मवरचा चहावाला पातेल्यावर झाकण टाकायचा. मामा म्हणायचा, "बघ, कसली ताकद हाय!"

मामाचा ट्रक होता. हंगामात ऊस ओढायचा. जास्त टन भरता यावेत म्हणून त्याने एका मेकॅनिककडून पंपाचं डिझेल वाढवून घेतलं. ट्रक काळा धूर सोडत सुसाट निघाला. मामा खूश! दोन महिन्यांनी भरल्या ट्रकने चढावर दम तोडला. इंजिन उघडलं तर पिस्टनला भोक. हंगाम गेला, हप्ते थकले, शेवटी ट्रकही गेला. "कंपनीचं इंजिनच नाजूक," हे मामाचं आजवरचं मत.

मी पुढे मेकॅनिकलचं इंजिनीअरिंग केलं आणि नियमाप्रमाणे आयटीत लागलो :-) पण धूर आणि पिस्टन डोक्यातून गेले नाहीत. दोन्हींचं उत्तर एकाच यंत्रात आहे असं आता कळतंय. ते यंत्र म्हणजे टर्बोचार्जर.

तर मंडळी, मूळ मुद्दा लोहाराच्या भात्याचा. कोळसा कितीही घाला, भाता हलवल्याशिवाय विस्तव फुलत नाही. एक किलो डिझेल पुरतं जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते, आणि डिझेल इंजिनात प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त द्यावी लागते. म्हणजे इंजिनाची ताकद टाकीत किती तेल आहे यावर नाही, सिलिंडरमधे किती हवा कोंबता येते यावर ठरते.

ही हवा फुकटात कोंबायची युक्ती स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी या इंजिनीअरची. त्याचं पेटंट १९०५ सालचं. धुराड्यातून वाया जाणाऱ्या गरम वायूवर एक चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला हवा दाबणारं चक्र बसवायचं. कल्पना सोपी, पण जमायला वीस वर्षं गेली. १९२० च्या दशकात दोन जर्मन जहाजांवर ती बसली, आणि १७५० हॉर्सपॉवरचं इंजिन २५०० देऊ लागलं.

आता आपल्या परतूरच्या इंजिनाकडे येऊ. डब्ल्यूडीएम-२ हे अमेरिकेच्या अल्को कंपनीचं डिझाईन. १९६२ मधे पहिली इंजिनं तिकडून आली, १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात बनू लागली. अल्कोने १९६९ मधे रेल्वे इंजिनं बनवणंच बंद केलं, आपण मात्र पुढे कित्येक दशकं बनवत राहिलो! सोळा सिलिंडर, प्रत्येक जवळपास ११ लिटरचा, म्हणजे एकूण १७५ लिटर. ताकद २६०० हॉर्सपॉवर.

मग १९९४ मधे त्याच सोळा सिलिंडरमधून ३१०० हॉर्सपॉवर काढणारं इंजिन आलं. आधी त्याचं नाव डब्ल्यूडीएम-२सी होतं, नंतर ३ए झालं (३ म्हणजे तीन हजार, ए म्हणजे वर शंभर). सिलिंडर तेवढेच, आकार तोच, आणि ताकद १९ टक्क्यांनी जास्त. कशी?

मामाच्या मेकॅनिकसारखं नुसतं डिझेल वाढवून नाही. डिझेल वाढवलंच, १५ मिलीमीटरच्या पंपाऐवजी १७ चा आला. पण त्याच्या जोडीला जास्त कार्यक्षम टर्बो आले (नेपियर, एबीबी, जीई वगैरे) आणि टर्बोमागचा हवा थंड करणारा आफ्टरकूलर मोठा झाला. पुण्याच्या डिझेल शेडमधेही ही ३ए इंजिनं असायची.

कूलर कशाला हवा? जरा आकडेमोड करू. ३० अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली आणि टर्बोची कार्यक्षमता ७५ टक्के धरली, तर ती तापून ११८ अंशांच्या आसपास जाते. गरम हवा फुगते. त्यामुळे दाब दुप्पट झाला तरी सिलिंडरमधे हवा दीडपटीच्या जरा वरच मावते. तीच ६० अंशांपर्यंत थंड केली तर १.८ पट. म्हणजे बूस्टचा काटा तोच, पण हवेत मोठा फरक! नुसता काटा बघून ताकद मोजणारे इथेच फसतात.

आणि टर्बोचा आकार? तिथे घासाघीस आहे. चक्राचा व्यास दुप्पट केला तर हवा सुमारे चौपट मिळते. पण चक्राच्या कडेचा वेग तेवढाच ठेवायला त्यात आठपट ऊर्जा भरावी लागते, आणि ती धुरातूनच यायची. म्हणून मोठा टर्बो जागा व्हायला वेळ घेतो. ट्रकचा इवलासा टर्बो मिनिटाला लाखभर फेरे घेतो आणि पटकन उठतो, पण पूर्ण वेगात त्यातून पुरेशी हवा जातच नाही. रेल्वेचा धूड टर्बो साधारण वीस हजार फेऱ्यांचा. तो एकदा फिरला की शंभर किलोमीटर दमत नाही, पण फिरेपर्यंत...

फिरेपर्यंत काळा धूर! ड्रायव्हरने नॉच वाढवला की पंप लगेच डिझेल देतो, टर्बो मात्र अजून आळोखेपिळोखे देत असतो. तेल आलं, हवा आली नाही. ते न जळलेलं तेल म्हणजे काजळी. आम्ही परतूरला ज्याला ताकद म्हणून टाळ्या वाजवायचो ती ताकद नव्हतीच, वाया गेलेलं डिझेल होतं. गाडीने वेग घेतला की धूर विरळ व्हायचा, आणि खरी ताकद तेव्हा लागत होती.

मामाच्या ट्रकला मात्र "नंतर" नव्हतं. त्याचा टर्बो होता तेवढाच राहिला आणि डिझेल वाढलं. हवेचा तुटवडा कायमचा. चढावर पूर्ण भार, आत तापमान चढतंय, थंड करायला जादा हवा नाही. पिस्टनने कुठवर सोसायचं? रेल्वेने पंप, टर्बो आणि कूलर तिघांना एकत्र हलवलं. मामाने एकालाच हलवलं.

३० डिसेंबर २०२३ ला जालन्याहून मुंबईला वंदे भारत सुटली, विजेवर. धूर नाही, टर्बोही नाही. मागच्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा मामाला हे सगळं कागदावर चित्रं काढून समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. बराच वेळ पिस्टनच्या चित्राकडे बघत बसला आणि म्हणाला, "म्हंजी इंजिन नाजूक नव्हतं म्हन की."

मग उठून त्याने कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली. पुढे मी काही बोललो नाही.

असो. पुढच्या शनिवारी भेटूच.