बॉयलरचा कायदा : नियम देशाचा, नजर गांवची

इमारतींत वावरणाऱ्या माणसाला तिच्या भिंती दिसतात, छप्पर दिसतें. परंतु तळमजल्यावर धगधगणारा बॉयलर त्याच्या दृष्टीस क्वचितच पडतो, आणि पडला तरी तो सुरक्षित आहे कीं नाहीं हें त्याला कळत नाहीं. ज्या वस्तूची परीक्षा आपल्याला करतां येत नाहीं, तिच्या शेजारीं आपण आपला जीव कोणाच्या भरंवशावर सोंपवितों? गेल्या दीडशें वर्षांत समाजानें ह्या प्रश्नाचें उत्तर कसें शोधिलें, तें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

प्रथम धोका कशांत आहे तें पाहूं. उघड्या पातेल्यांतील पाणी १०० अंशांवर उकळतें व त्याची वाफ निघून जाते. बंद पात्रांत वाफ कोंडते, दाब चढतो, आणि पाणी शंभराहून बरेंच अधिक तापूनहि पाणीच राहतें. अशा वेळीं पात्र फाटलें तर दाब एका क्षणांत उतरतो, आणि त्या पाण्याचा कांहीं भाग एकदम वाफेचें रूप घेतो. साध्या हवेच्या दाबाखालीं एक माप पाण्याची सुमारें १६०० मापें वाफ होते. तेव्हां पाण्याचा अल्पसा हिस्सा जरी असा उसळला, तरी भिंती उडून जाव्या ह्यांत नवल नाहीं.

आपल्या देशाला हा धडा १८६३ सालीं कलकत्त्यास मिळाला. तेथें एका बॉयलरचा भयंकर स्फोट होऊन अनेक माणसें प्राणास मुकलीं. पुढच्याच वर्षीं, १८६४ सालीं, बंगालच्या कायदेमंडळानें बॉयलरच्या तपासणीचा कायदा केला. त्याची हद्द मात्र कलकत्ता शहर व त्याचीं उपनगरें एवढीच होती. जेथें दुखलें तेथें लेप लावावा, तसा हा प्रकार झाला. पुढें इतर प्रांतांनींहि आपापले कायदे केले आणि अखेर देशांत सात निरनिराळे कायदे व तितक्याच नियमावल्या नांदूं लागल्या. ह्या नियमांचा परस्परांशीं मेळ नव्हता. पत्रा सर्वत्र तोच, वाफहि तीच. परंतु प्रांताची वेस ओलांडली कीं यंत्राची परीक्षा करणारें शास्त्र बदलावें, अशी ही विचित्र अवस्था होती.

कोणी म्हणेल, नियम निराळे असले म्हणून काय बिघडलें? तपासणी होत होती ना? परंतु तपासनीसाच्या डोळ्यांना जें दिसूंच शकत नाहीं, त्याचें काय? ह्या प्रश्नाचें उत्तर अमेरिकेंत फार मोठी किंमत देऊन मिळालें. मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील ब्रॉक्टन गांवीं ग्रोव्हर कंपनीचा जोड्यांचा कारखाना होता. इमारत लांकडी व चार मजली होती. २० मार्च १९०५ रोजीं सकाळीं तिच्यांतील एक जुना बॉयलर फुटला. तो मजले फोडून वर उडाला, इमारत कोसळली आणि आग लागली. ५८ माणसें मरण पावलीं व सुमारें दीडशें जखमी झालीं.

ह्या स्फोटाचें मूळ बॉयलरच्या सांध्यांत होतें. त्या काळीं पत्र्याची एक कड दुसरीवर चढवून रिव्हेटा मारीत. त्यामुळें बॉयलरचें पिंप पुरतें गोल राहत नसे. दाब चढला कीं सांधा किंचित् वांके, दाब उतरला कीं पूर्ववत् होई. आणि वर्षानुवर्षें असें होतां होतां पत्र्यांत चीर पडे, तीहि एकावर एक चढलेल्या कडांच्या आंत, जेथें नजर पोंचत नाहीं. म्हणजे अशा ठिकाणीं नुसता तपासनीस पुरेसा नाहीं. पात्र कसें घडवावें ह्याचाच नियम हवा. मॅसॅच्युसेट्सनें १९०७ सालीं कायदा करून नियम ठरविण्यासाठीं एक मंडळ नेमिलें. त्यांत मुख्य तपासनीसाबरोबर बॉयलर वापरणारे, बनविणारे, त्यांचा विमा उतरविणारे आणि ते चालविणारे, अशा सर्वांना स्थान होतें. पुढें यंत्रशास्त्रज्ञांच्या अमेरिकन संस्थेनें सर्व संस्थानांना घेतां येईल अशी एकच संहिता तयार केली; ती १९१५ सालीं प्रसिद्ध झाली. तिनें मोठ्या पिंपांचे लांबीच्या दिशेचे सांधे, कड कडेला भिडवून आंतबाहेर पट्ट्या देऊन करावे, असें ठरविलें.

हिंदुस्थानांतहि त्याच सुमारास तीच निकड भासूं लागली. १९२० सालीं सरकारनें बॉयलर कायद्यांच्या विचारासाठीं समिति नेमिली; तिनें १९२१ च्या मार्चमध्यें अहवाल दिला व सर्व देशाला एकच कायदा असावा असें आग्रहानें सांगितलें. त्याप्रमाणें १९२३ चा कायदा होऊन तो १ जानेवारी १९२४ पासून अमलांत आला. पांच गॅलनांहून मोठ्या प्रत्येक बॉयलरची नोंद व्हावी, त्याला क्रमांक मिळावा, किती दाबापर्यंत तो वापरावा हें दाखल्यावर लिहावें, ठराविक मुदतीनें दाखला नवा करावा, परवानगीवांचून त्यांत फेरफार करूं नये, आणि अपघात झाल्यास चोवीस तासांच्या आंत कळवावें, अशीं त्याचीं मुख्य कलमें होतीं.

ह्या कायद्याची खरी खुबी मात्र त्याच्या घडणींत आहे. कायदा सर्व देशाचा. परंतु तपासनीस नेमावयाचे ते प्रांतानें. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेनेंहि बॉयलर हा विषय केंद्र व राज्यें ह्यांच्या सामाईक यादींत ठेविला. १९२३ च्या कायद्याची जागा शंभरांहून अधिक वर्षांनीं, २०२५ सालीं, नव्या कायद्यानें घेतली. तरीहि हा मूळ सांगाडा टिकून आहे, आणि तो टिकावा हेंच योग्य. कारण वाफेचा धर्म गांवोगांव बदलत नाहीं, म्हणून नियम एकच हवा. परंतु चीर पडते ती एखाद्या विशिष्ट गांवांतील विशिष्ट पत्र्याला, म्हणून ती शोधणारी नजर तेथलीच हवी.

दाखल्यासाठीं बॉयलर थंड करून उघडणें म्हणजे त्या दिवसाचें काम बुडणें, हें कारखानदाराला जाचक वाटतें. तें स्वाभाविक आहे. परंतु त्या कागदाच्या तुकड्यावरील एकेका अटीमागें कोठें तरी कोसळलेली इमारत आहे, हें त्यानें विसरूं नये. दाखला मालकाच्या नांवें निघतो खरा. पण तो ज्यांच्यासाठीं निघतो, तीं माणसें सकाळीं निर्धास्तपणें कामावर येतात आणि संध्याकाळीं घरीं परततात. त्यांतील बहुतेकांनीं तो दाखला कधीं पाहिलेलाहि नसतो.