तार आणि तेल : एका मागच्या ब्रेकचा इतिहास

गेल्या उन्हाळ्यात ओहायोत पुतण्याकडे दोन महिने राहण्याचा योग आला. त्याच्या गॅरेजमध्ये एक जुने चारचाकी वाहन उभे होते. मोटारसायकलसारखे हँडल, फुगीर टायर आणि वर बसायला एक सीट. तिकडे याला एटीव्ही म्हणतात. हे होते यामाहाचे ‘ब्लास्टर’, १९९० च्या दशकातले, कुणाकडून तरी स्वस्तात घेतलेले. पुतण्याच्या मुलाला सोळा वर्षे पूर्ण होणार होती आणि गाडी त्याच्यासाठी होती.

घरामागच्या उतारावर पुतण्याने ती चालवून पाहिली. उजव्या पायाखालचा ब्रेक तळापर्यंत गेला, तरी गाडी थांबेना. पुढच्या ब्रेकने कशीबशी थांबली. मागच्या ब्रेकची तार ताणायची चाकी केव्हाच शेवटच्या आट्यापर्यंत फिरली होती. ‘‘काका, नुसती तार बदलून भागेल, की सगळंच बदलायचं?’’ त्याने विचारले. मी पुण्यातल्या कारखान्यांत उभा जन्म काढलेला यांत्रिक अभियंता, तरी लगेच उत्तर देता आले नाही. कारण या गाडीत एक कोडे होते. पुढच्या दोन्ही चाकांना तेलावर चालणारे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक होते. मागे डिस्कच होती, पण ती आवळायला तार! एकाच गाडीत दोन युगे कशी?

तारेचा ब्रेक आपल्याला नवा नाही. चेतक स्कूटरचा मागचा ब्रेक पायाने दाबला की तारच ओढली जाई. दर काही आठवड्यांनी मेकॅनिक पाना घेऊन ती ताणून देई. तार ओढली जाते, एक दांडी फिरते, दांडी घर्षणाचा पॅड पुढे ढकलते. यात न समजण्यासारखे काही नाही आणि बिघाड डोळ्यांना दिसतो. तेलाचे तत्त्व याहून जुने असले तरी त्यावर विश्वास बसायला वेळ लागला. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व बाजूंना सारखाच पोहोचतो, हे पास्कलने सतराव्या शतकात मांडले. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये छापला गेला. मोटारीच्या ब्रेकसाठी हे तत्त्व वापरण्याचे पेटंट अमेरिकेत माल्कम लॉकहीड यांनी १९१७ मध्ये मिळवले. विमानांमुळे गाजलेल्या लॉकहीड भावांपैकीच हे एक. १९२१ च्या ड्यूझेनबर्ग मोटारीत चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक आले, १९२४ मध्ये क्रायस्लरने ते सामान्य गिऱ्हाइकाच्या आवाक्यातल्या गाडीत आणले. मूळ रचनेतल्या चामड्याच्या वाट्यांतून तेल गळे. क्रायस्लरच्या अभियंत्यांनी त्या जागी रबरी वाट्या बसवल्या, तेव्हा कुठे हा ब्रेक भरवशाचा झाला.

तरी हेन्री फोर्ड बधले नाहीत. पायापासून चाकापर्यंत पोलादच हवे, या जाहिरातीच्या बळावर फोर्डच्या मोटारी १९३९ पर्यंत यांत्रिक ब्रेकवरच धावल्या. याला नुसता हट्ट म्हणून हसणे सोपे आहे. पण तेलाची एक नळी फुटली तर त्या काळी चारही चाके एकदम मोकळी होत. अमेरिकेत दोन स्वतंत्र नळ्यांची रचना सर्व मोटारींत रूढ व्हायला १९६० च्या दशकाची अखेर उजाडली. फोर्ड यांची शंका चुकीची नव्हती, उत्तर मात्र चुकीचे होते.

मग तेल जिंकले कशामुळे? तेलात ताकद जास्त असते म्हणून, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाही. लांब दांडी लावली तर तारही हवी तेवढी ताकद देते. तेलाचा पहिला गुण समवाटप. चार चाकांच्या चार तारा कधीच सारख्या ताणलेल्या नसतात. एक चाक आधी आवळले की मोटार एका बाजूला ओढली जाते. तेलाचा दाब मात्र चारही ठिकाणी एकच. दुसरा गुण डिस्क ब्रेकमध्ये दिसतो. पॅड झिजला की पिस्टन तेवढा पुढे सरकून बसतो, त्याच्याभोवतीची रबरी कडी त्याला केसभरच मागे ओढते. माणसाला काही ताणावे लागत नाही.

डिस्कची कल्पनाही जुनीच. फ्रेडरिक लँचेस्टर यांचे पेटंट १९०२ चे आहे, पण तिला प्रतिष्ठा मिळाली ती १९५३ मध्ये, डिस्क ब्रेकवाल्या जॅग्वार सी-टाइपने ल मान्सची शर्यत जिंकल्यावर. दुचाकींत १९६२ च्या लँब्रेटा टीव्ही १७५ ला पुढे डिस्क होती, आणि तीही तारेवरची! म्हणजे डिस्क आणि तार यांचा संसार यामाहाने नव्याने मांडलेला नव्हता. १९६९ च्या होंडा सीबी ७५० पासून दुचाकींच्या पुढच्या चाकावर तेलाचे राज्य सुरू झाले.

इथे माझे कोडे सुटले. एटीव्हीच्या मागच्या दोन चाकांमध्ये एकच अखंड एक्सल असतो, मोटारीसारखा डिफरन्शियल नसतो. त्या एक्सलवर एकच डिस्क असते. ती धरली की दोन्ही चाके एकत्रच थांबतात. समवाटपाचा प्रश्नच येत नाही. पुढची चाके मात्र स्वतंत्र, म्हणून तिथे तेल अटळ. मागे तार चालून गेली, स्वस्तही पडली. म्हणूनच १९८८ साली आलेल्या ब्लास्टरला मागचा हायड्रॉलिक ब्रेक मिळायला २००३ उजाडले.

पण तेलाच्या दुसऱ्या गुणाची गरज एक्सल एक असला तरी संपत नाही. एटीव्ही चिखलात चालते. चिखल आवरणात शिरतो, तार गंजते, घर्षण वाढते, आणि पायाचा जोर डिस्कपर्यंत पोहोचण्याआधीच खर्ची पडतो. पॅड झिजतो ते वेगळेच. आठवड्याला पाना हाती घेणाऱ्या माणसासाठी हा ब्रेक पुरेसा होता. सोळा वर्षांचा मुलगा आठवड्याला पाना हाती घेईल का?

सोळा हा आकडाही इतिहासातूनच आला आहे. होंडाची ‘यूएस ९०’ ही फुगीर टायरांची तीनचाकी १९७० मध्ये बाजारात आली आणि या खेळाची सुरुवात झाली. १९८० च्या दशकात अपघात आणि मृत्यू इतके वाढले की अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने कंपन्यांना न्यायालयात नेले. १९८८ च्या तडजोडीनुसार नव्या तीनचाकींची विक्री थांबली आणि ९० सीसीवरील एटीव्ही सोळा वर्षांखालील मुलांसाठी नाहीत, असे कंपन्यांना सांगावे लागले. ब्लास्टर १९५ सीसीची.

मी पुतण्याला म्हटले, ‘‘सगळंच बदल.’’ २००३ नंतरच्या ब्लास्टरचा कॅलिपर, मास्टर सिलिंडर आणि नळी त्याने जुनी मिळवली. जुन्या सांगाड्यावर मास्टर सिलिंडरसाठी पत्र्याची पट्टी बनवावी लागली. पॅड नवे घातले, रबरी कड्या बदलल्या. नळीतली हवा काढायला एक संध्याकाळ गेली. हवा दाबली जाते, तेल दाबले जात नाही. एक बुडबुडा राहिला तरी पायाखाली स्पंज लागतो.

मुलाला जवळ बसवून मी तेलाची बाटली दाखवली. डॉट ४ प्रतीचे कोरडे तेल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतला ओलावा शोषते, आणि ओलावलेल्या तेलासाठी ही हमी १५५ अंशांवर येते. तापलेल्या ब्रेकमध्ये वाफ झाली, की पाय पुन्हा तळाला. तार सैल झाली तर दिसते, तेल म्हातारे झाले तर दिसत नाही. ‘‘म्हणजे आजोबा, ताणायचं नाही, पण विसरायचंही नाही?’’ तो म्हणाला. मी म्हटले, अगदी तेच.

आणखी एक गोष्ट त्याला सांगितली. कित्येक मोटारींच्या हँडब्रेकमध्ये आजही तारच असते. उभ्या गाडीला रात्रभर धरून ठेवायचे तर तेलाच्या दाबावर विसंबता येत नाही. हेन्री फोर्ड यांचे पोलाद तेवढ्यापुरते बरोबर होते.

निघण्याच्या आदल्या दिवशी तो त्याच उतारावरून खाली आला. मी खाली उभा होतो. त्याने पाय दाबला, मागची दोन्ही चाके एकदम धरली गेली आणि गाडी माझ्यापासून चांगली दहा हात दूर थांबली. काढलेली तार मी त्याच्या बाकावरच्या खिळ्याला अडकवून ठेवली आहे. टाकू नकोस, एवढेच त्याला सांगितले.