आधी समोरच्याचे म्हणणे

काही वर्षांपूर्वी नववीच्या वर्गाला मी एक निबंध घातला होता. विषय नेहमीचाच, ‘मुलींनी दहावीनंतर पुढे शिकावे.’ अट मात्र एक घातली. ज्यांना हे पटत नाही त्यांचे म्हणणे पहिल्या पानावर लिहायचे, आणि तेही असे की त्या माणसाने वाचले तर ‘होय, मला हेच म्हणायचे आहे’ असे त्याने म्हणावे. आपले उत्तर त्यानंतर.

चार दिवसांनी एका मुलीचे वडील वही घेऊन शाळेत आले. रागावलेले नव्हते, पण काळजीत दिसले. म्हणाले, “सर, हिने पुढे शिकावे अशी माझी इच्छा आहे. अब्बांचा विरोध आहे. त्यांना मी कसेबसे समजावतो आहे, आणि तुम्ही हिच्याच हातून विरोधाचे मुद्दे लिहून घेता! अब्बांनी पहिले पान वाचले आणि दुसरे वाचलेच नाही, तर?”

त्यांना त्या वेळी मी जे उत्तर दिले ते आज मला पुरेसे वाटत नाही. त्यांचा प्रश्न मात्र फार जुना आणि फार थोर माणसांनी विचारलेला आहे, हे मला नंतरच्या वाचनात कळले.

हिजरीच्या तिसऱ्या शतकात बगदादमध्ये हारिस अल्-मुहासिबी यांनी मुअ्तझिला पंथाच्या मतांचे खंडन करणारे पुस्तक लिहिले. इमाम अहमद बिन हंबल (मृत्यू इ. स. 855) यांना ते आवडले नाही. खुद्द इमामसाहेबांनी मुअ्तझिलांच्या मतापायी तुरुंग आणि फटके सोसले होते, तेव्हा त्यांचा आक्षेप विरोधकांविषयीच्या ममतेतून आलेला नव्हता. त्यांचे म्हणणे असे की, तुम्ही आधी त्यांची शंका मांडली आणि मग उत्तर दिले. पण वाचणारा शंका वाचून थांबला, किंवा उत्तर त्याला समजलेच नाही, तर त्याची जबाबदारी कोणाची? माझ्या विद्यार्थिनीच्या वडिलांनी वेगळे काय विचारले होते?

हा प्रसंग आपल्यापर्यंत पोहोचला तो इमाम गझाली (1058–1111) यांच्या आत्मवृत्तपर ग्रंथातून, कारण हाच आरोप पुढे त्यांच्यावरही आला. बातिनी पंथाचे म्हणणे त्यांनी इतके नीटनेटके मांडले की काही लोक म्हणू लागले, त्यांचे काम तुम्हीच करून दिलेत, त्यांना स्वतःला हे इतके चांगले सांगता आले नसते. गझालींनी इमाम अहमद यांचे म्हणणे नाकारले नाही. ते बरोबरच आहे, असे त्यांनी लिहिले, परंतु जी शंका अजून पसरलेली नाही तिच्यापुरते. एकदा ती लोकांच्या तोंडी झाली की उत्तर देणे भाग पडते, आणि शंका सांगितल्याशिवाय उत्तर सांगता येत नाही. स्वतःच्या पद्धतीवरचा सर्वांत जड आक्षेप त्यांनी आपल्याच पुस्तकात नोंदवून ठेवला आणि त्यातले खरे तेवढे मान्य केले, हे विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात घ्यावे.

गझाली 1091 मध्ये बगदादच्या निझामिया मदरशात अध्यापक झाले. तीनशे विद्यार्थ्यांना शिकवून जो वेळ उरे त्यात त्यांनी तत्त्वज्ञांचे ग्रंथ उस्तादाच्या मदतीशिवाय वाचले. वाचायला दोन वर्षांहून थोडी कमी लागली आणि त्यावर विचार करण्यात आणखी सुमारे एक वर्ष गेले. (आमचे विद्यार्थी वक्तृत्व स्पर्धेच्या आदल्या रात्री तयारीला बसतात, म्हणून हा हिशेब मुद्दाम दिला.) समोरच्याचे मत पुरते समजण्याआधी ते खोडून काढणे म्हणजे अंधारात नेम धरणे, अशी त्यांची भूमिका होती. ‘मकासिद अल्-फलासिफा’ या ग्रंथात त्यांनी तत्त्वज्ञांचे म्हणणे केवळ सांगितले. खंडन ‘तहाफुत अल्-फलासिफा’ या 1095 मध्ये पूर्ण झालेल्या वेगळ्या ग्रंथात, वीस प्रश्नांच्या रूपाने केले.

यापुढची हकीकत मोठी गमतीची आहे. बाराव्या शतकात स्पेनमधील टोलेडो शहरात ‘मकासिद’चे लॅटिनमध्ये भाषांतर झाले. ही मते माझी नाहीत, हे गझालींनी प्रस्तावनेत स्पष्ट केले होते; पण युरोपात ज्या प्रती फिरल्या त्यांतल्या बहुतेकांत ती प्रस्तावनाच नव्हती. परिणाम असा झाला की तिकडचे अनेक विद्वान दीर्घकाळ गझालींना इब्न सीनाचा अनुयायी समजत राहिले! ज्याचे खंडन करायचे त्याची बाजू इतक्या इमानाने मांडली की वाचणारे त्यालाच त्या बाजूचा समजले. निबंधाच्या परीक्षकाला याहून मोठी कसोटी ठेवता येणार नाही. आणि मुलीच्या वडिलांची भीती निराधार नव्हती, हेही यातूनच दिसते.

गझालींना उत्तर मिळाले ते त्यांच्या निधनानंतर सुमारे सत्तर वर्षांनी, कुर्तुबाचे काझी आणि हकीम इब्न रुश्द (1126–1198) यांच्याकडून. त्यांच्या ‘तहाफुत अल्-तहाफुत’मध्ये आधी ‘अबू हामिद म्हणतात’ असे लिहून गझालींच्या मूळ ग्रंथातला मजकूर येतो आणि त्याखाली उत्तर येते. शेवटपर्यंत हाच क्रम. काही ठिकाणी तर इब्न रुश्द सांगतात की इथे गझालींचा आक्षेप योग्य आहे, चूक इब्न सीनाची आहे. आपल्या बाजूच्या माणसाची चूक भर ग्रंथात कबूल करणे सोपे नसते. याच काझींचा फिकहवरील ग्रंथ ‘बिदायत अल्-मुज्तहिद’ पाहिला तर प्रत्येक प्रश्नावर कोणत्या इमामाचे काय मत आहे एवढे सांगून ते थांबत नाहीत, मतभेद कोणत्या कारणामुळे झाला तेही सांगतात.

आपल्या देशातही ही रीत परकी नाही. शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष आणि मग सिद्धान्त, असा क्रम मीमांसकांनी आणि नैयायिकांनी घालून दिला. चौदाव्या शतकातील माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’चे पहिलेच प्रकरण चार्वाकांचे आहे, चार्वाकांविषयी आज आपल्याला जे कळते ते मुख्यतः त्यांच्या विरोधकांच्या लिखाणामुळे. बोलताना आपण सहज ‘वितंडवाद’ म्हणतो. स्वतःची कोणतीही बाजू न मांडता दुसऱ्याचे नुसते खोडून काढणे ही वितंडा, अशी व्याख्या न्यायसूत्रांत आहे. मदरशांत शिकवला जाणारा ‘रशीदिया’ हा मुनाझऱ्यावरील ग्रंथ सतराव्या शतकात जौनपूरच्या अब्दुर्रशीद यांनी लिहिला. त्या शास्त्रात आक्षेपाचे तीन प्रकार मानतात. पुरावा मागणे हा ‘मनअ’, पुराव्यातली चूक दाखवणे हा ‘नक्ज’ आणि उलट बाजूचा पुरावा उभा करणे ही ‘मुआरजा’. आमची मुले निबंधात बहुतेक चौथाच प्रकार वापरतात, तो म्हणजे आवाज चढवणे.

मुंबईचे उदाहरण घ्यायचे तर न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींचे घ्यावे. 1874 मध्ये अंजुमन-इ-इस्लाम उभी करणाऱ्यांत ते होते, आणि डिसेंबर 1887 मध्ये मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. त्याच दिवसांत लखनौ येथे सर सय्यद अहमद खान यांनी काँग्रेसविरुद्ध भाषण केले. बहुमताने निवडणुका झाल्या तर संख्येने कमी असलेल्या मुसलमानांचे काय, हा त्यांचा प्रश्न. तय्यबजींनी ही भीती खोटी ठरवली नाही. 1888 मध्ये सर सय्यदांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी मुद्दा मांडला तो असा की भीती असेल तर बाहेर राहण्यापेक्षा आत येऊन तिचा बंदोबस्त करावा. मुसलमानांचा सर्वसाधारण विरोध असेल तो ठराव सोडून द्यावा. त्याच वर्षी अलाहाबादच्या अधिवेशनात अशा आशयाचा नियम झालाही. सर सय्यदांचे मात्र समाधान झाले नाही. विरोधाचे वजन तय्यबजींना इतके जाणवले की 1888 च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी ह्यूमसाहेबांना, निदान पाच वर्षे अधिवेशने थांबवावीत, असे सुचवले. ती सूचना स्वीकारली गेली नाही. दुसऱ्याचे म्हणणे मनापासून ऐकायचे तर आपलाही पाय डळमळेल ही तयारी ठेवावी लागते, आणि याबाबत विद्यार्थ्यांना खोटा धीर देऊ नये असे मला वाटते.

आता त्या वहीविषयी. मुलीने पहिल्या पानावर आजोबांचे तीन मुद्दे लिहिले होते. खर्चाचा हिशेब तिने मांडून दाखवला होता. ‘शिकलेल्या मुलीला जोगे स्थळ मिळत नाही’ या मुद्द्याला नात्यातल्याच दोघींची उदाहरणे देऊन उत्तर दिले होते. तिसरा मुद्दा, कॉलेज सुटल्यावरची एसटी अंधार पडल्यावर गावात पोहोचते, हा तिने जसाच्या तसा लिहिला आणि खाली एकच ओळ लिहिली, की याचे उत्तर माझ्याकडे नाही. त्या ओळीला मी सर्वांत जास्त गुण दिले.

पुढच्या महिन्यात वडील बाजारात भेटले. अब्बांनी दोन्ही पाने वाचली, म्हणाले. पैशाविषयी आणि स्थळाविषयी ते काही बोलले नाहीत. डेपोत जाऊन सायंकाळच्या गाडीची वेळ कोण विचारून येणार, एवढेच त्यांनी विचारले.