साक्षीदाराच्या पाठीशी कोण?

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ असे आपल्याकडे सगळेच म्हणतात. ही म्हण वादी-प्रतिवादींसाठी आहे, अशी आपली समजूत असते. पण श्रोतेहो, कोर्टात आणखी एक माणूस जातो. त्याचे कोणाशी भांडण नसते, त्याला काही मिळवायचेही नसते. घटना घडली तेव्हा तो तिथे होता, एवढाच त्याचा संबंध. तो म्हणजे साक्षीदार. पायरी चढावी की नाही, हे ठरवण्याची मुभाही त्याला नाही. समन्स आले की जावेच लागते.

आपल्या हदगाव तालुक्यातलेच उदाहरण मनाशी धरा. पैनगंगेकाठच्या एखाद्या गावातला शेतमजूर. त्याने मारहाण पाहिली, पोलिसांना जबाब दिला. दोन-चार वर्षांनी तारीख येते. त्या दिवसाची मजुरी बुडते. ज्या एसटीने तो जातो, त्याच एसटीत आरोपीचे भाऊबंद बसलेले असतात. कोर्टाच्या आवारात तेच समोर उभे असतात. दुपारी पैरवी करणारा पोलीस येऊन सांगतो, ‘आज काम होणार नाही, पुढची तारीख पडली.’ आणि संध्याकाळी तो त्याच गावात, त्याच पाणवठ्यावर परततो. अशा दोन-चार खेपा झाल्यावर तो साक्षीच्या पिंजऱ्यात म्हणाला, ‘मी काही पाहिले नाही,’ तर आपण म्हणतो, साक्षीदार फितूर झाला.

हा ‘फितूर’ शब्द मोठा कठोर आहे. मराठ्यांच्या इतिहासात फितुरी म्हणजे शत्रूला मिळणे. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात असा शब्द नव्हता. जो साक्षीदार उलटला, त्याला बोलावणाऱ्या पक्षानेच उलटतपासणीसारखे प्रश्न विचारण्यास न्यायालय परवानगी देऊ शकते, एवढेच तो कायदा सांगत होता. दगाबाजीचा शिक्का लावला तो आपण. त्या माणसाला कोणी साथ दिली होती का, हा प्रश्न मात्र फार उशिरा विचारला गेला. साथ देणे हे कोणाचे तरी काम असावे, रीतसर नेमलेले आणि पगारी काम असावे, हा विचार तर अगदी अलीकडचा. त्या विचाराचा इतिहास आज पाहू.

मराठेशाहीत गावचे तंटे गोतसभेपुढे चालत. देवळात शपथ घालून साक्ष घेत. निवाड्याचा महजर लिहिला जाई आणि त्यावर हजर असलेल्यांच्या निशाण्या होत, पाटलाचा नांगर असे. साक्ष अशी चारचौघांत होई, त्यामुळे एकट्या माणसावर भार येत नसे. गावच्या गोताचा भरवसा नसेल, तर वाद दुसऱ्या ठिकाणी, म्हणजे परस्थळी, नेण्याची मागणी करता येई. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. शिवेचा वाद निघाला की महाराची साक्ष मोलाची मानत. त्याने चालून दाखवलेली शीव गाव मान्य करी. पण त्याच महारावर अन्याय झाला, तर त्याच्या बाजूने साक्ष द्यायला गावातून कोण उभे राहणार, याला त्या व्यवस्थेत उत्तर नव्हते.

हदगाव १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तिथे दप्तराची भाषा उर्दू. आपला जबाब काय उतरवला गेला, हे मराठी बोलणाऱ्या कुणब्याला वाचून पाहणेही अवघड होते. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आले आणि १९५१ मध्ये देशाचे फौजदारी कायदे इकडे लागू झाले. त्या कायद्यांत साक्षीदाराची कर्तव्ये भरपूर होती. हजर राहिला नाही तर वॉरंट, खोटे बोलला तर शिक्षा. त्याच्यासाठी होता तो फक्त प्रवासखर्चाचा भत्ता, आणि तोही मिळवण्यासाठी खेटे घालावे लागत.

मराठवाड्याला या उणिवेचा चटका १९७८ साली बसला. २७ जुलैला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि गावोगाव दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. नांदेड जिल्ह्याला त्याची मोठी झळ पोचली. बिलोली तालुक्यातल्या टेंभुर्णीत ४ ऑगस्टला पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. अशा वेळी पाहणारे पुष्कळ असतात, पण सांगणाऱ्याने राहायचे कुठे? मजुरी त्याच गावात, किराणा त्याच दुकानात, दळण त्याच गिरणीत. धमकी द्यायलाच हवी असे नाही. काम मिळणे बंद झाले तरी तोंड बंद होते.

म्हणूनच १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आणि त्याचे १९९५ चे नियम महत्त्वाचे ठरतात. पीडित आणि साक्षीदार या दोघांनाही प्रवासखर्च, दैनिक भत्ता आणि पोटगीखर्च द्यावा, असे त्या नियमांत आले. स्त्रिया, अल्पवयीन, साठीपुढची माणसे आणि अपंग यांना आपल्या पसंतीचा एक सोबती नेता येतो आणि त्याचाही खर्च सरकारने द्यायचा असतो. कायद्याने ‘सोबत’ ही गरज मान्य केली, हे लक्षात घ्या. पुढे २०१५ च्या दुरुस्तीने साक्षीदारांचे संरक्षण आणि गरज पडल्यास स्थलांतर यांचाही समावेश हक्कांमध्ये केला.

दुसरा धडा विदर्भातून आला. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना निर्दोष सोडले. त्यावर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिले. देशभर चळवळ झाली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पीडितेचे नाव प्रसिद्ध करणे हा तेव्हापासून गुन्हा ठरला. पण तोवर त्या मुलीचे नाव खटल्याला चिकटून जगभर गेले होते.

याच सुमारास जगात दोन वेगवेगळी कामे आकाराला येत होती. एक अमेरिकेत. संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या १९७० च्या कायद्याने टोळ्यांविरुद्ध बोलणाऱ्या साक्षीदाराला नवे नाव, नवे गाव, नवी कागदपत्रे देण्याची सोय झाली. हे काम तिथल्या मार्शल दलाकडे आले आणि आजवर १९ हजारांहून अधिक साक्षीदार व त्यांचे कुटुंबीय त्यांनी सांभाळले. दुसरे काम इंग्लंडमध्ये, १९७४ च्या सुमारास ब्रिस्टल शहरात सुरू झाले. गुन्हा घडलेल्या घरी प्रशिक्षित स्वयंसेवक जात. विचारपूस करत, कागदपत्रांना मदत करत, पुढे काय होणार ते समजावून सांगत. पहिले काम लपवण्याचे, दुसरे सोबत करण्याचे. सिनेमामुळे आपल्याला पहिलेच ठाऊक असते. खेड्यातल्या बहुतेक साक्षीदारांना गरज असते ती दुसऱ्याची.

हे दुसरे काम आपल्या राज्यात पगारी कामाच्या रूपाने आले ते १९८४ मध्ये. टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या आवारात स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला. प्रशिक्षित समाजकार्यकर्ती पोलिसांच्या इमारतीत बसू लागली, पण ती पोलीस नव्हती. घाबरलेल्या बाईला तक्रार लिहिण्याआधी तिच्याशी बोलता येई. पुढे राज्य सरकारने हे कक्ष स्वीकारले. २००० च्या सुमारास वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि सेहत संस्था यांनी ‘दिलासा’ केंद्र सुरू केले. पोलीस ठाण्याआधी बाई दवाखान्यात येते, हे ओळखून केलेली ती सोय होती.

साक्षीदाराला संरक्षण द्यावे, हा प्रश्न मात्र देशापुढे आला तो बेस्ट बेकरी खटल्यामुळे. १ मार्च २००२ रोजी बडोद्यात १४ जणांचा बळी गेला. २७ जून २००३ ला सर्व २१ आरोपी सुटले, कारण साक्षीदार उलटले होते. मुख्य साक्षीदार जाहिरा शेख हिने नंतर धमक्यांमुळे आपण खोटे बोललो, असे सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००४ मध्ये खटला पुन्हा चालवण्याचा, आणि तोही महाराष्ट्रात चालवण्याचा आदेश दिला. आपल्या जुन्या भाषेत सांगायचे तर खटला परस्थळी आला. मुंबईच्या न्यायालयाने २४ फेब्रुवारी २००६ रोजी ९ जणांना जन्मठेप दिली. त्यांपैकी ४ जणांची शिक्षा उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कायम ठेवली. पण मुंबईतही जाहिरा पुन्हा उलटली, आणि मार्च २००६ मध्ये न्यायालयाचा अवमान केल्याबद्दल तिलाच एक वर्षाची शिक्षा झाली. खटल्याची जागा बदलली, तरी साक्षीदाराभोवतीचे दडपण त्याबरोबर बदलतेच असे नाही, हा त्यातला धडा.

मुंबईतल्या २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात जखमी झालेल्या एका मुलीने २००९ मध्ये, वयाच्या दहाव्या वर्षी, कुबड्या घेऊन न्यायालयात साक्ष दिली आणि आरोपी ओळखला. देशाने तिचे कौतुक केले. पण नंतर घरासाठी तिला उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. साक्ष संपली म्हणजे साक्षीदाराचे आयुष्य संपत नाही.

मग कायदे आले. महाराष्ट्राने २०१७ चा साक्षीदार संरक्षण कायदा केला. ५ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महेंद्र चावला खटल्यात साक्षीदार संरक्षण योजना मंजूर करून देशभर लागू केली. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने अशी योजना करणे प्रत्येक राज्यावर बंधनकारक केले आहे.

२०१८ च्या योजनेची रचना समजून घेण्यासारखी आहे. जिल्ह्यात एक समिती असते. जिल्हा व सत्र न्यायाधीश अध्यक्ष, जिल्हा पोलीसप्रमुख सदस्य, अभियोग विभागाचे प्रमुख सदस्य-सचिव. गंभीर गुन्ह्यातला साक्षीदार सचिवांकडे अर्ज करतो. उपविभागीय पोलीस अधिकाऱ्याने पाच कामकाजाच्या दिवसांत धोक्याचा अहवाल द्यायचा. धोक्याचे तीन वर्ग आहेत. जिवाला धोका हा पहिला, सुरक्षितता, अब्रू किंवा मालमत्तेला धोका हा दुसरा, आणि त्रास, दमदाटी हा तिसरा. त्यानुसार घराभोवती गस्त, कोर्टात ने-आण करायला सरकारी गाडी, आरोपी समोर येणार नाही अशी व्यवस्था, काही काळ दुसरीकडे राहण्याची सोय, आणि अगदीच गरज असेल तर नवी ओळख. संरक्षण एका वेळी तीन महिन्यांपर्यंत मिळते.

कागदावर एवढे सगळे आहे. पण आपला तो शेतमजूर हा अर्ज करणार कसा? असा अर्ज असतो, हे त्याला सांगणार कोण? साक्ष म्हणजे काय, सरतपासणीत काय होते, उलटतपासणीत वकील आवाज चढवतो तेव्हा घाबरायचे नाही, आठवत नसेल तर तसेच सांगायचे, हे त्याला शांतपणे समजावणार कोण? पोलिसाकडे वेळ नाही. सहायक सरकारी अभियोक्त्यापुढे खटल्यांचा ढीग आहे. शिवाय साक्षीदाराला पढवले असा आरोप होऊ नये, म्हणून हे काम त्या दोघांखेरीज तिसऱ्याच माणसाने करणे इष्ट.

असा तिसरा माणूस आज तुकड्या-तुकड्यांत आहे. घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात संरक्षण अधिकारी आहे. २०१५ पासून ‘सखी’ केंद्रे आली, तिथे समुपदेशक असतात. विधी सेवा प्राधिकरणाचे विधी स्वयंसेवक आहेत. अत्याचारपीडित स्त्रिया व मुलांसाठी २०१३ पासून राज्याची मनोधैर्य योजना आहे, तिचे काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरण पाहते. बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात मुलाबरोबर राहणारी ‘सहायक व्यक्ती’ नेमता येते. २०२० च्या नियमांनुसार तिचा मोबदला कुशल कामगाराच्या किमान वेतनाइतका धरला आहे. ज्या कामात कायद्याचे ज्ञान हवे, मनाचे शास्त्र ठाऊक हवे, गावची बोली आणि भावकी समजायला हवी, त्याची किंमत आपण गवंड्याच्या रोजाने मोजतो. गवंड्याचे काम कमी दर्जाचे आहे असे मला म्हणायचे नाही. पण गवंड्याला रोज काम असते, या सहायकाला नेमणूक असेल तेवढेच.

आणि साधा साक्षीदार, जो बालक नाही, अत्याचारपीडित स्त्री नाही, फक्त घटनेच्या वेळी तिथे होता, त्याच्या वाट्याला यातले फारसे काहीच येत नाही.

नांदेडला १९९४ पासून स्वतःचे विद्यापीठ आहे. समाजकार्याची, कायद्याची पदवी घेऊन आपली मुले-मुली बाहेर पडतात आणि स्पर्धा परीक्षांच्या रांगेत उभी राहतात. हदगावच्या मुलीला हदगावच्या गावांची नस ठाऊक असते. कोणत्या वाडीला दुपारनंतर एसटी नाही, कोणाची सोयरीक कोणाशी आहे, कोण कशाला घाबरेल, हे तिला पुस्तकातून शिकावे लागत नाही. प्रत्येक तालुका न्यायालयात साक्षीदार साहाय्यक असे एक पद असावे, कायम पगाराचे, पोलिसांच्या हाताखाली नसलेले, ही मागणी तालुक्याच्या वकील संघांनी आणि ग्रामपंचायतींनी आता करायला हवी. रस्त्याची, पुलाची मागणी आपण करतो, तशीच ही.

तोवर एवढे तरी करता येईल. आपल्या गावातल्या कोणाला साक्षीचे समन्स आले असेल, तर त्याला तालुका विधी सेवा समितीची वाट दाखवा. संरक्षणाचा अर्ज करता येतो, हे सांगा. आणि तारखेच्या दिवशी जमले तर एसटीत त्याच्या शेजारी जाऊन बसा.