दातांची राखण आणि पटावरचे नाव



मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला सिद्धनाथाचा रथ निघतो, तेव्हा सारा माणदेश म्हसवडला माणगंगेच्या काठी लोटतो. अशा यात्रांतून नारळ-गुलालाच्या दुकानांपलीकडे, रस्त्याच्या कडेला फडके अंथरून बसलेला एक मनुष्य आपल्या वाडवडिलांनी पुष्कळदा पाहिला आहे. फडक्यावर काढलेल्या दातांचा ढीग, एक चिमटा, मंजनाच्या पुड्या, आणि एखाददुसरी कवळी. त्या दातांचा ढीग हीच त्याची सनद! ज्याचा ढीग मोठा, तो कसबी. त्याला कोणी विचारले नाही की, बाबा रे, तू हे शिकलास कोठे? आणि उद्या जबडा सुजला तर तुला शोधावयाचे कोठे?

आजच्या व्याख्यानाचा विषय या दोन प्रश्नांतूनच निघतो. दुसऱ्याच्या तोंडात हत्यार घालण्याचा अधिकार मनुष्याला कोण देतो, कशाच्या बळावर देतो, आणि दिलेला अधिकार टिकतो कसा? विषय दिसावयास लहान, परंतु त्याच्या मागे शेदीडशे वर्षांचा इतिहास आहे.

आपल्याकडे दातांची राखण हे घरचेच काम होते. कडुलिंबाची नाही तर बाभळीची काडी, राखुंडी, मीठ, आणि बायकांच्या हाती मिश्री. मिश्री ही तंबाखूच; तिने दात साफ होतात ही समजूत किती हिरड्यांना भोवली असेल, त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही. दाढ ठणकू लागली की लवंग, आणि लवंगेने भागले नाही की चिमटेवाला. दात हा ठणकल्यावर काढून टाकावयाचा अवयव, यापलीकडे विचारच नव्हता. दातावर किटण चढते, त्याने हिरडी सैल होते, आणि न किडलेला दातही त्यापायी पडतो, हे ज्ञान घरोघर पोहोचलेले नव्हते.

वैद्यकीला राजाज्ञेचे कुंपण पडू लागले ते इंग्रजी अमदानीत. मुंबई इलाख्यात १९१२ च्या कायद्याने डॉक्टरांची नोंदणी सुरू झाली. पुढे १९३८ साली आणखी एक कायदा होऊन वैद्य-हकिमांचाही पट तयार करण्याची सोय झाली. दातांचे काम मात्र मोकळेच राहिले. ज्याला वाटेल त्याने पाटी लावावी आणि ज्याला सोसवेल त्याने तोंड उघडावे!

खुद्द इंग्लंडची स्थिती फारशी निराळी नव्हती. तेथे १८७८ साली दंतवैद्यांची पहिली नोंदवही निघाली. पण नोंद नसलेल्याने 'दंतवैद्य' ही पदवी लावू नये, एवढेच बंधन प्रत्यक्षात उरले. धंदा कोणीही करीत राहिला. ते दार १९२१ च्या कायद्याने बंद झाले, आणि बंद करताना, जे पूर्वीपासून या धंद्यावर पोट भरीत होते त्यांना अटी घालून आत घेण्यात आले. हा प्रघात ध्यानात ठेवा. आपल्या कायद्याने तोच गिरवला.

आपल्या देशात या विद्येचा पाया घातला तो डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात ते १९१५ साली पदवीधर झाले, आणि १९२० साली त्यांनी कलकत्त्यास पहिले दंतमहाविद्यालय काढले. बंगालमध्ये १९३९ साली दंतवैद्यांच्या नोंदणीचा कायदा झाला, त्यामागेही त्यांचीच खटपट होती. आपल्या बाजूला मुंबईस नायर रुग्णालयाचे दंतमहाविद्यालय १९३३ साली निघाले, आणि सरकारी महाविद्यालय १९४५ साली.

पुढे देश स्वतंत्र झाला, आणि अवघ्या सातआठ महिन्यांत, मार्च १९४८ मध्ये, दंतवैद्यांचा अखिल भारतीय कायदा संमत झाला. फाळणीचे लोंढे येत होते, गांधीजींच्या हत्येला दोन महिने झाले होते. अशा दिवसांत दातांच्या कायद्याला वेळ मिळाला याचे नवल वाटते. पुढल्या वर्षी, १९४९ साली, भारतीय दंत परिषद स्थापन झाली. कोणती पदवी मान्य धरावयाची हे परिषदेने ठरवावे, आणि माणसांची नावे पटावर घेण्याचे काम प्रांतोप्रांतीच्या परिषदांनी करावे, अशी वाटणी झाली.

या कायद्याने तीन पट मांडले. पहिला दंतवैद्यांचा. त्याचे दोन भाग होते: 'अ' भागात मान्य पदवीचे लोक, आणि 'ब' भागात पदवी नसलेले, पण किमान पाच वर्षे याच धंद्यावर पोट भरलेले. दुसरा पट कवळ्या तयार करणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या कारागिरांचा. आणि तिसरा पट एका अशा माणसाचा, की ज्याचे नाव म्हसवडात त्या वेळी क्वचितच कोणी ऐकले असेल. इंग्रजीत त्याला डेंटल हायजिनिस्ट म्हणतात. आपण दंतस्वच्छक म्हणू. दातावरचे किटण खरवडून काढणे, दात साफ करून घासून लखलखीत करणे, आणि लोकांना तोंडाची निगा शिकवणे, एवढेच त्याचे काम. दात काढणे त्याचे काम नव्हे, भरणेही नव्हे.

हा मनुष्य आला कोठून? अमेरिकेतील कनेक्टिकट संस्थानात ब्रिजपोर्ट म्हणून गाव आहे. तेथे डॉ. आल्फ्रेड फोन्स या दंतवैद्याने १९०६ साली आपल्या मदतनीस आयरिन न्यूमन यांना दात स्वच्छ करण्याचे काम शिकवले. १९१३ साली त्याने यासाठी शाळाच काढली. तिच्यातून बाहेर पडलेल्या स्त्रिया गावातल्या शाळांत जाऊन मुलांचे दात साफ करू लागल्या. १९१५ साली त्या राज्याने कायद्यात त्यांना जागा करून दिली, पण हद्दही आखली: किटण आणि डाग काढा, त्यापुढे हात नको. आणि १९१७ साली आयरिन न्यूमन यांना तेथला पहिला परवाना मिळाला. काम आधी, शाळा मग, आणि सनद सर्वांच्या शेवटी, असा हा क्रम आहे. आपल्याकडे मात्र सनदेचे कलम आधी आले आणि ती घेणारी माणसे मागाहून शोधावी लागली.

सनद मिळवण्याची रीत सोपी आहे. मान्य संस्थेत ठरलेला अभ्यासक्रम पुरा करावा, परीक्षा उतरावे, प्रमाणपत्र आणि शुल्क घेऊन राज्याच्या परिषदेकडे अर्ज करावा. परंतु सनद ही इनामाची जमीन नव्हे, की एकदा मिळाली आणि पिढ्यान्‌पिढ्या चालली! १९४८ च्या कायद्यात नाव राखण्याचे वार्षिक शुल्क घेण्याची तरतूद होती; ते चुकले की निबंधकाने नाव पटावरून काढावे, आणि भरले की पुन्हा चढवावे. त्याहून कडक गोष्ट पुढे आहे. गुन्हा शाबीत झाला, किंवा धंद्यात लांच्छनास्पद वर्तन घडले, तर म्हणणे ऐकून घेऊन परिषदेने नाव खोडावे. चिमटेवाल्याला आपण कोठे शोधावयाचे, या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. पट म्हणजे गिऱ्हाइकाच्या हाती दिलेला पत्ता होय.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो टाळून चालणार नाही. हे सारे कुंपण शिकलेल्यांनी आपल्या पोटासाठी घातले नाही काय? आक्षेपात अगदीच तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. कोणत्याही धंद्याला प्रतिस्पर्धी कमी झालेले आवडतात. परंतु 'ब' भागाकडे पाहा. बिनपदवीच्या जुन्या माणसाला कायद्याने हाकलले नाही. त्याला आत घेतले आणि नियमाखाली आणले. आणखी एक कलम पाहा. नोंदणी नसलेल्याने दंतवैद्यकी करू नये, असे सांगून कायदा पुढे म्हणतो की, निकड असेल आणि नोंदलेला दंतवैद्य मिळत नसेल, तर कोणीही दात काढावा. मात्र बधिर करण्याचे किंवा भुलीचे औषध देऊ नये.

हे कलम दिल्लीत लिहिले गेले, पण ते जणू माणदेशासाठीच आहे. ज्या गावी पाऊस नाही, रस्ता नाही, दंतवैद्य कोठला असणार? तेथल्या ठणकणाऱ्या दाढेला कायद्याने मोकळीक दिली, पण वेदना मात्र रुग्णाच्याच पदरी ठेवली! भुलीचे औषध अडाण्याच्या हाती प्राणघातक होते, म्हणून कलम बरोबरच आहे. तरीही ते वाचताना शहर आणि खेडे यांतले अंतर डोळ्यांपुढे उभे राहते.

हे अंतर कमी करावयास खरा उपयोगी पडला असता तो दंतस्वच्छकच. त्याला लांबलचक शिक्षण नको, मोठी यंत्रसामग्री नको. आठवड्यातून एक दिवस शाळेत आणि एक दिवस बाजारात बसला, तरी पुष्कळ दाढा वाचतील. पण हा वर्ग आपल्याकडे लहानच राहिला. कराडला आणि सांगलीला दंतमहाविद्यालये निघाली, पदवीधर वाढले, आणि किटण काढण्याचे काम बहुतांशी त्यांच्याच खुर्चीवर राहिले. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा संमत केला. १९४८ च्या कायद्याची जागा त्याने घ्यावी हा हेतू. पट नवे होतील, परिषदांची नावे बदलतील. खेड्यातली खुर्ची त्यामुळे आपोआप भरणार नाही.

सनद मिळवणे म्हसवडला नवीन नाही. येथल्या बायकांनी आपली सहकारी बँक काढावयाचे मनात आणले, तेव्हा रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज परत केला. कारण प्रवर्तक स्त्रियांना लिहितावाचता येत नव्हते. त्या खचल्या नाहीत. अक्षरे शिकल्या, पुन्हा मुंबईस गेल्या, आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवण्याचे आव्हान त्यांनी अधिकाऱ्यांना दिले. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. परवाना ही नुसती अडवणूक नसते. तो मागणाऱ्याला शिकावयास लावतो, हे त्यांनी दाखवून दिले.

तेव्हा दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. दवाखान्याची पायरी चढाल तेव्हा भिंतीवरचे नोंदणीपत्र वाचा. नाव, क्रमांक आणि मुदत पाहण्यात उद्धटपणा नाही, तो तुमचा हक्क आहे. आणि दहावी-बारावीनंतर काय करावे, असे घरातली मुलगी विचारील तेव्हा डॉक्टर आणि शिक्षिका यांच्या जोडीला हाही मार्ग तिच्या कानावर घाला. शाळेतल्या पोरांच्या दातांवरचे किटण काढणारी, आणि जिचे नाव पटावर आहे अशी एक बाई या गावाला हवी आहे.