एरिकचा मुलगा एरिकसन

बी.एड.च्या पुस्तकात एरिक एरिकसन आपल्याला भेटतो तो आठ अवस्थांच्या तक्त्यातून. त्यातली पाचवी अवस्था किशोरवयाची, ‘मी कोण?’ या प्रश्नाची. हा प्रश्न त्याला प्रयोगशाळेत सापडलेला नव्हता.

त्याचा जन्म १९०२ साली फ्रँकफर्टला झाला. आई डेन्मार्कची, ज्यू. जन्मदाता कोण, हे त्याला अखेरपर्यंत कळले नाही. आईने पुढे कार्ल्सरूहेच्या होम्बुर्गर नावाच्या बालरोगतज्ज्ञाशी लग्न केले आणि हेच तुझे वडील, असे मुलाला सांगितले. पण मुलगा उंच, सोनेरी केसांचा, निळ्या डोळ्यांचा! सिनेगॉगमधली पोरे त्याला परका म्हणत, शाळेतली ज्यू म्हणून चिडवत. शाळेनंतर तो चित्रे काढत भटकला. विद्यापीठाची पदवी त्याने कधीच घेतली नाही. १९२७ मध्ये व्हिएन्नातल्या एका लहानशा शाळेत तो शिक्षक झाला आणि तिथेच ॲना फ्रॉइडकडे मनोविश्लेषण शिकला. १९३३ मध्ये तो अमेरिकेला गेला. १९३९ मध्ये नागरिकत्व घेताना त्याने एरिकसन, म्हणजे एरिकचा मुलगा, हे आडनाव लावले. वडिलांच्या जागी स्वतःचेच नाव!

एका आयुष्यावरून सिद्धान्त सिद्ध होत नाही, हे आम्हा प्रयोगवाल्यांचे म्हणणे खरेच आहे. प्रश्न कुठून सुचला, एवढे मात्र त्यावरून कळते.

१९४४ मध्ये एरिकसनला डाऊन सिंड्रोम असलेला मुलगा झाला. त्याला संस्थेत ठेवले आणि घरातल्या धाकट्या मुलांना, बाळ जन्मतःच गेले, असे सांगितले. सहा वर्षांनी, १९५० मध्ये, आठ अवस्थांचे ते पुस्तक निघाले. त्यातली पहिली अवस्था विश्वासाची आहे.